गाण्याचा परवाना

संगीतातील माझ्या अधिकाराविषयी मला स्वतःला कधीही संशय वाटलेला नाही. आणि इतरांनाही तो वाटू नये एवढ्याचसाठी मी आजवर कोणत्याही सभेत गायलेलो नाही. मैफलीत पुढच्या रांगेत बसावे, गवयाने षड्ज लावताच डोळे मिटावेत, अवघड जागा येण्याच्या अर्धा क्षण आधीच मान हलवून ती येणार हे आपणांस ठाऊक होते असे आसपासच्या मंडळींस कळू द्यावे, आणि मध्यंतरात चहाचा पेला हाती घेऊन ‘बुवांचा आवाज जरा बसलाय’ एवढेच उद्गारून थांबावे, या साधनेच्या बळावर आमच्या संगीत मंडळाच्या कार्यकारिणीवर माझी निवड नेहमी बिनविरोध होत आलेली आहे. असा मनुष्य न्यूयॉर्कला जातो तो स्वातंत्र्यदेवीचे दर्शन घेण्यास नव्हे, तर तेथील संगीताची तपासणी करण्यास.

पहिली तपासणी फसली. भाच्याने मोठ्या हौसेने एका खानदानी हॉटेलात मेज राखून ठेवले होते. तेथील पियानो इतक्या दबक्या आवाजात वाजत होता की तो ऐकणे हा असभ्यपणा समजला जात असावा. संगीतश्रवणाचा आकार बिलात वेगळा लावलेला होता. तो वसूल करण्याच्या हेतूने मी मांडीवर ताल धरताच एक सेवक लगबगीने आला आणि मला काही हवे आहे काय, हे अशा स्वरात विचारून गेला की, मला जे हवे होते ते त्या वास्तूत मिळत नाही हे मी तत्काळ ओळखले.

“मामा, तुम्हांला गावात नेतो,” भाचा म्हणाला. गाव म्हणजे ग्रीनिच व्हिलेज. न्यू जर्सीच्या मराठी माणसाला पाथ नावाची आगगाडी ख्रिस्तोफर स्ट्रीटला आणून सोडते. तेथून चार पावलांवर ग्रोव्ह स्ट्रीट, आणि 59 क्रमांकाच्या घराखालच्या तळघरात ‘मरीज क्रायसिस’. पायऱ्या उतरण्यापूर्वी भिंतीवरील धातूचा फलक वाचण्याची माझी खोड उपयोगी पडली. सन 1809 च्या जून महिन्यात क्रांतिकारक लेखक टॉमस पेन याच जागी वारला, आणि त्याच्या ‘क्रायसिस’ नामक पत्रकमालेचे अर्धे नाव या मद्यालयाने उचलले आहे. उरलेले अर्धे मरी नावाच्या एका पूर्वीच्या मालकिणीचे. ज्याचे ‘राइट्स ऑफ मॅन’ जोतिराव फुल्यांनी पुण्यात 1847 च्या सुमारास वाचले आणि ज्यावाचून त्यांच्या पुढील लेखणीची धार आपणांस कदाचित वेगळी दिसली असती, तो पेन! त्याच्या अंत्ययात्रेस मोजून पाच-सात माणसे होती. दहा वर्षांनी विल्यम कॉबेटने त्याची हाडे उकरून इंग्लंडला नेली आणि तीही पुढे गहाळ झाली. मी चप्पल काढू की काय अशा विचारात असता भाच्याने मला खाली ढकलले.

आत पियानो खोलीच्या मधोमध होता आणि त्याला वेढून उभी असलेली यच्चयावत मंडळी मोठमोठ्याने गात होती. ध्वनिक्षेपक नाही, रंगमंच नाही, आणि (ही गोष्ट ध्यानी येण्यास मला काही वेळ लागला) श्रोताही नाही. गाणी तेवढी ब्रॉडवेच्या संगीत नाटकांतली. दुसऱ्या कोणत्याही जातीच्या गाण्यास तेथे मज्जाव. मी सवयीने भिंतीशी जागा धरली, डोळे मिटले आणि मान हलविण्यास सिद्ध झालो.

“मामा, इथे ऐकायचं नसतं. म्हणायचं असतं.”

हे वाक्य मला लागले, त्यास कारण आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात समूहगीताच्या तालमीच्या वेळी आमच्या गुरुजींनी मला मागच्या रांगेत नेऊन, पाठीवर हात ठेवून, अत्यंत मायेने सांगितले होते, “बाळ, तू नुसते ओठ हलव.” त्या दिवसापासून मी रसिक झालो.

गाण्यास परवानगी लागते ही कल्पना एकट्या गुरुजींची नव्हे. न्यूयॉर्क शहरानेही तिचा मोठा कारभार थाटला होता, आणि या कारभाराचा मी इतका अभ्यास केला आहे की वाचकांनी थोडा वेळ सोसावे. 1926 साली या नगरपालिकेने कायदा केला की, परवान्यावाचून कोणत्याही उपाहारगृहात नाचणे निषिद्ध. संगीतही त्याच कलमाच्या कचाट्यात आले. पुढे बराच काळ बिनपरवाना ठिकाणी वादक फार तर तीन, आणि वाद्ये पियानोच्या वा तंतुवाद्यांच्या कुळातली अशी ताकीद होती. ढोल आणि कर्णे यांवर सक्त बंदी. म्हणजे सरकारदरबारी पियानो हे निरुपद्रवी वाद्य ठरले, आणि पियानोच्या मद्यालयांना त्यामुळे आपोआपच अभय मिळाले. ही बंधने न्यायालयाने 1986 आणि 1988 साली उठविली. नाचाचे कलम मात्र 2017 पर्यंत जिवंत होते. शिवाय 1940 पासून 1967 पर्यंत गाणाऱ्या-वाजविणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांकडे हातांचे ठसे देऊन ओळखपत्र घ्यावयाचे. ते गेले की मद्यविक्रीच्या जागी गाणे बंद. गायिका बिली हॉलिडेचे असेच गेले. पियानोवादक थेलोनियस मंक काही वर्षे आपल्याच शहरात मुका होऊन बसला. आम्ही मुंबई इलाख्याचे लोक या सर्व प्रकाराकडे पाहून हसू शकत नाही, कारण आमच्याकडे 1949 च्या दारूबंदीच्या कायद्याखाली आरोग्यरक्षणार्थ मद्य पिण्याचा दाखला मिळतो, आणि तो खिशात बाळगणारे माझे सर्व स्नेही प्रकृतीने ठणठणीत आहेत.

परंतु या दप्तरातील एक कागद हसण्याजोगा नाही. समलिंगी माणसे जमतात एवढ्या सबबीवर त्याकाळी मद्यालय बेशिस्त ठरवून त्याचा परवाना काढून घेत असत. 1966 च्या एप्रिलमध्ये काही तरुण याच वस्तीतल्या ‘ज्युलियस’मध्ये गेले, आम्ही समलिंगी आहोत असे त्यांनी उघड सांगितले, आणि मद्य मागितले, तेव्हा विक्रेत्याने नकार देत पेल्यावर हात ठेवला. तो हात ठेवतानाचे छायाचित्र मी पाहिले आहे. तीन वर्षांनी जेथे दंगल उसळली ते ‘स्टोनवॉल’ तर हाकेच्या अंतरावर. ‘मरीज’मधली गर्दीही मुख्यत्वे याच समाजाची. ज्यांना साधा पेला मागण्याचीही चोरी होती, ते आज माझ्यासारख्या, कानटोपी घालून शिरलेल्या अपरिचित म्हाताऱ्यास पियानोपाशी जागा करून देत होते, आणि त्यांनी माझे नाव, गाव, गळा यांपैकी कशाचीही चौकशी केली नाही. त्या क्षणी मला आमच्या मंडळाच्या सभासदत्वाच्या अर्जाची आठवण झाली, ज्यात दोन विद्यमान सभासदांची शिफारस अनिवार्य आहे आणि ज्याचा मसुदा माझा आहे.

आमच्याकडे काय कमी आहे? किर्लोस्करांच्या 1880 च्या ‘शाकुंतला’पासून नाट्यपदांचा एवढा खजिना पडलेला, पण त्यांवर आम्ही स्पर्धा भरवितो, परीक्षक नेमतो, तिकिटे लावतो. पेटीभोवती उभे राहून बेसूर माणसांनी ती एकत्र म्हणावीत अशी जागा साऱ्या पुण्यात मला ठाऊक नाही. भजनी मंडळे आणि वारीच्या दिंड्या आहेत हे खरे. पण तेथे माझ्यासारखे जाणकार जात नाहीत, आणि बहुधा म्हणूनच त्या टिकल्या.

असो. पियानोवाल्याने ‘साउंड ऑफ म्युझिक’मधले सारेगम सुरू केले आणि मला पाठ असलेले ते एकच गाणे असल्याने मीही सरसावलो. माझी पट्टी काळी दोन. ती त्यास कळावी म्हणून मी त्या पट्टीवर बोट रोखले, तेव्हा त्याने बोटाच्या रोखाने पाहिले आणि शेजारचा बक्षिशीचा पेला माझ्यापुढे सरकवला. पेल्यात नोट टाकून मी घसा खाकरला आणि दुसऱ्याच ओळीवर एक हरकत घेतली, तीही कोमल निषादावरून, म्हणजे ऑस्ट्रियाच्या डोंगरांत ज्याची कोणी अपेक्षा करणार नाही अशा स्वरावरून. कोणी दचकले नाही. कोणी वाहवाही केली नाही. पन्नास कंठांच्या त्या लोंढ्यात माझी हरकत दुधात पडलेल्या साखरेच्या खड्याप्रमाणे नाहीशी झाली. प्रथम याचा मला राग आला, आणि मग तिसऱ्या कडव्यापर्यंत तो कोठे गेला हे मलाच उमगले नाही, कारण तोवर मी भाच्याच्या खांद्यावर हात टाकून ओरडत होतो.

गाणे संपताच शेजारच्या धिप्पाड गृहस्थाने माझ्याकडे वळून पुरुषी आवाजाच्या त्यांच्यातल्या दोन-चार जातींची नावे घेतली आणि माझा आवाज त्यांतला कोणता, असे विचारले. या प्रश्नाची मी उभा जन्म वाट पाहत आलो होतो. छाती पुढे काढून मी उत्तरलो, “किराणा घराणे.”

त्याने अत्यंत आदराने मान लवविली, ते नाव शेजारच्यास सांगितले, शेजारच्याने पियानोवाल्यास सांगितले, आणि पियानोवाला पुढच्या गाण्याचे स्वर दाबता दाबता माझ्याकडे पाहून ओरडला, “मग जरा मोठ्याने होऊ द्या, ऐकू येत नाही!”