मागच्या स्पीकरमध्ये काय ठेवलंय?

जुन्या अल्बमचा नवा सराउंड मिक्स आला की सगळीकडून एकच कौतुक ऐकू येतं: 'अगदी नव्याने ऐकल्यासारखं वाटलं!' वाटणारच. वर्षानुवर्षं समोरून येणारी गिटार अचानक पाठीमागून वाजली तर कुणीही दचकेल. पण दचकून दिलेली दाद मी मोजत नाही. मला एवढंच विचारायचं असतं की तो आवाज मागे नेला कुणी आणि कशासाठी?

पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' घ्या. अल्बम 1973चा आणि त्याची सराउंड रूपं तीन. पहिलं त्याच वर्षीचं, चार स्पीकरांसाठीचं क्वाड. ते केलं अ‍ॅलन पार्सन्सने, मूळ ध्वनिमुद्रण करणाऱ्या अभियंत्याने. दुसरं जेम्स गथ्रीचं, सहा स्पीकरांसाठीचं 5.1, जे 2003 साली एसएसीडी या प्रकारच्या तबकडीवर आलं. तिसरं पुन्हा गथ्रीचंच, 2023 साली पन्नाशीनिमित्त आलेलं, आवाज डोक्यावरूनही आणणारं डॉल्बी अ‍ॅटमॉस.

माझं मत पार्सन्सला, आणि त्याचं कारण 'टाइम' या गाण्याच्या सुरुवातीला वाजणाऱ्या घड्याळांत सापडतं. ती घड्याळं पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या एका दुकानात जाऊन एकेक करून टिपली होती. तीही या गाण्यासाठी टिपलेली नव्हती, क्वाड म्हणजे काय ते लोकांना ऐकवून दाखवायचं होतं म्हणून टिपलेली. चार कोपऱ्यांचा विचार त्या आवाजांत पहिल्या दिवसापासून होता. स्टिरिओत ती सगळी समोर येऊन गर्दी करतात. क्वाडमध्ये ती चहूबाजूंनी ठणाणतात, आणि ऐकणारा मधोमध सापडतो. 'मनी'चंही तसंच. नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याचा खणखणाट, असा सात ठोक्यांचा तो टेपचा फेरा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात उड्या मारत जातो आणि गाण्याचा ताल आपल्याभोवती उभा राहतो. इथे मागच्या स्पीकरला खरंखुरं काम दिलंय.

बँडला ही हौस जुनीच होती. 12 मे 1967 रोजी लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये रिचर्ड राइट हाताने दांड्या फिरवून सभागृहभर आवाज खेळवत होता. त्या यंत्राचं नाव अ‍ॅझिमथ को-ऑर्डिनेटर. त्यामुळे फ्लॉइडच्या संगीताला सराउंड नंतर चिकटवलं, असं म्हणताच येत नाही.

गथ्रीही काही ऐरागैरा नाही. 'द वॉल' या अल्बमपासून तो बँडच्या विश्वासातला माणूस. त्याचा 5.1 स्वच्छ आहे, सफाईदार आहे, बास तर सुरेख बसलाय. पण तो स्टिरिओचं बोट सोडत नाही. पार्सन्सनेही साधारण हाच आक्षेप जाहीरपणे घेतला होता: मूळ मिक्सला इतकं धरून राहिलं की सराउंडचा पुरता उपयोग झालाच नाही. मला हे शंभर टक्के पटतं. धावणाऱ्या पावलांचं 'ऑन द रन' खोलीभर धावलं नाही, तर सहा स्पीकर मांडायचेच कशाला?

म्हणून दिसेल ते फिरवत सुटावं असंही नाही. 'द ग्रेट गिग इन द स्काय'मधला क्लेअर टॉरीचा आवाज कुणी भिंतीभिंतीवरून गरगर फिरवला, तर मी तो मिक्स तिथल्या तिथे बंद करीन. घड्याळांनी जागा बदलल्या तर चालतं. जीव तोडून गाणाऱ्या बाईला एका जागी उभं राहू द्या.

माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'ची गोष्ट आणखी वेगळी. 1959 साल, न्यूयॉर्कच्या 30व्या रस्त्यावरचा कोलंबियाचा स्टुडिओ, तीन ट्रॅकची टेप आणि एकाच खोलीत एकमेकांचं ऐकत वाजवणारे वादक. ती इमारत मुळात चर्चची. तिथे मागच्या स्पीकरला द्यायला त्या उंच छताखालचा घुमारा आहे, दुसरं काही नाही. तेवढाच द्यावा. सॅक्सोफोन वाजवणाऱ्या कोल्ट्रेनला उचलून माझ्या पाठीशी नेऊन बसवण्याचा हक्क कुणालाच नाही.

मला खरा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. 2021पासून अ‍ॅपल म्युझिकवर अ‍ॅटमॉस आहे. सेटिंग 'ऑटोमॅटिक'वर असेल आणि कानात त्याला चालणारे हेडफोन असतील, तर अल्बम परस्पर त्याच रूपात वाजायला लागतो. पुण्या-ठाण्यातली एखादी मुलगी आयुष्यात पहिल्यांदा 'डार्क साइड' लावते आणि तिच्या कानावर पडतो 2023चा मिक्स. 1973 साली जगाने जो ऐकला तो हा नव्हे, हे तिला कुणी सांगत नाही. अल्बमच्या नावाखाली डॉल्बीचं चिन्ह ठळक, मिक्स करणाऱ्याचं नाव तिथे नाही. शिवाय असे मिक्स बहुधा बारा स्पीकरांच्या खोलीत घडतात, आणि तिच्याकडे पोचतात कानातल्या दोन बोंडांतून, तिथल्या सॉफ्टवेअरने दिशांचा आभास तयार करून. नवं रूप जरूर विका. पण मूळ स्टिरिओ आधी वाजला पाहिजे आणि मिक्स करणाऱ्याचं नाव अल्बमच्या नावाइतकंच समोर दिसलं पाहिजे. हा मिक्स कुणा एका माणसाचा निर्णय आहे आणि तो चुकूही शकतो. बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'चा आपण केलेला पहिला अ‍ॅटमॉस मिक्स नीट वाजत नाही, असं जाइल्स मार्टिनने स्वतःच उघडपणे सांगितलं. त्याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. बाकीच्यांच्या तोंडून असं काही ऐकल्याचं मला आठवत नाही.

ज्यांना तुलना मनापासून करायची आहे त्यांनी आधी आवाजाची पातळी जुळवून घ्यावी. दोन मिक्समधला जो जरा मोठ्याने वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, आणि कित्येक निकाल तिथेच फसतात. 'टाइम'चं एखादं कडवं धरून गाणाऱ्याचा आवाज सगळ्या मिक्समध्ये सारखा करा. पहिल्यांदा स्टिरिओ ऐका, मग पार्सन्सचा क्वाड (तो 2011च्या 'इमर्शन' संचात आहे), मग गथ्रीचे दोन्ही. आणि प्रत्येक वेळी गाणं चालू असताना मागचे स्पीकर बंद करून बघा. गाण्यातलं काही हरवल्यासारखं वाटलं नाही, तर त्या मिक्सला पैसे देऊ नका.