देखाव्यातला नवा मावळा

सजीव देखाव्यातला नवा मावळा उंब्रज, मसूर, कऱ्हाड या पट्ट्यात गणेशोत्सवाच्या महिनाभर आधीपासून दिसू लागतो. वय सोळा ते बावीस. दाढी एकाएकी वाढलेली असते आणि ती का वाढवली हे घरी सांगितलेले नसते. मंडळाच्या बैठकीत तो आधी दाराशी उभा राहतो आणि 'यंदा काय करायचं?' असा विषय निघाला की आत सरकतो. पौराणिक करू, सामाजिक करू, व्यसनमुक्ती करू अशी तासभर चर्चा होते आणि अफजलखानाचा वध ठरतो.

भूमिकांचे वाटप गुणांवर होत नाही, मापांवर होते. ज्याचे पोट सर्वांत पुढे, तो खान. महाराजांची भूमिका वर्षानुवर्षे एकाकडेच असते. तो उत्सवाचे दहा दिवस पायांत चप्पल घालत नाही, वडापावच्या गाड्याकडे बघत नाही. त्या जागेवर हक्क सांगायचा नसतो, एवढे नव्यालाही कळते. त्याचा डोळा असतो जिवा महालावर. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडाचा वार परतवणारा हा वीर आपल्यासाठीच राखून ठेवला आहे, असे त्याला मनापासून वाटते. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला खानाकडचा एक मेलेला शिपाई येतो. हंबीरराव मोहित्यांचे तळबीड शेजारी, वसंतगड रोज डोळ्यांपुढे, आणि आपण खानाच्या बाजूने मरायचे? सवाल रास्त असतो. 'आरं, मेल्यावर बाजू कोण बघतंय?' असे म्हणून तो निकालात काढला जातो.

ड्रेपरी कऱ्हाडहून किंवा साताऱ्याहून भाड्याने येते. अंगरखे बहुतेक एकाच मापाचे असतात. अंगरखा ज्याला गुडघ्यापर्यंत येतो तो सरदार शोभतो आणि ज्याला घोट्यापर्यंत येतो त्याला मागच्या रांगेत उभे करतात. चिकटवलेली मिशी घामाने एका बाजूने सुटते. ती वरचा ओठ ताणून जागेवर धरण्याची युक्ती नवा दोन दिवसांत शिकतो, पण त्यामुळे त्याचा आवेश जरा दातदुखीसारखा दिसतो. तलवार पत्र्याची किंवा चंदेरी कागद चिकटवलेल्या लाकडाची. खऱ्या धारेची हौस कोणी धरलीच तर 1959 चा शस्त्र कायदा आहे आणि उंब्रजला पोलीस ठाणेही आहे. वाघनखे पूर्वी तारेची चालून जात. 2024 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात आली. तेव्हापासून प्रेक्षकांत एखादा तरी ती बघून आलेला असतो आणि तो मोठ्याने सांगतो. दांडपट्टा त्याच वर्षी राज्यशस्त्र झाला. नव्याला तो फिरवायचा असतो. पण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आठ माणसे, दोन पडदे आणि एक शामियाना असताना दांडपट्ट्याचा हट्ट कोणी ऐकून घेत नाही, विशेषतः खान.

संवाद आधीच ध्वनिमुद्रित केलेले असतात. पात्रांनी फक्त ओठ हलवायचे. नव्याला तेवढेही नसते, तरी तो साऱ्यांचे संवाद पाठ करतो आणि मेलेला असतानाही त्याचे ओठ हलत राहतात. खरी परीक्षा इथेच होते. पडायला सगळ्यांना येते. पडून राहणे अवघड. दिव्याच्या उजेडाला चिलटे येतात आणि त्यातले एक नेमके नाकाच्या शेंड्यावर बसते. नाकपुडी फुगते, पापणी थरथरते, आणि पहिल्या रांगेतले पोर ओरडते, 'मेलेला हाललाऽ!' महाराजांच्या गंभीर संवादावर हशा पिकतो. त्यातच जनरेटर बंद पडला तर खान मिठीसाठी हात पसरून तसाच ताटकळतो, आणि मेलेल्याला उठून 'काय झालं रं?' असे विचारण्याचा मोह आवरत नाही. असे खेळ दर अर्ध्या तासाने होतात. ध्वनिक्षेपक एरवी रात्री 10 ला बंद करावा लागतो. सवलतीच्या दिवसांत 12 पर्यंत मुभा मिळते, म्हणजे तेवढ्या वेळा जास्त मरायचे.

तिसऱ्या दिवसापासून भूमिका घरात शिरते. 'मातोश्री, आज्ञा असावी.' आई म्हणते, 'आज्ञा न्हाई, दूध आणायचंय.' मोटारसायकलला तो घोडा म्हणू लागतो, पण पेट्रोलचे पैसे वडिलांकडेच मागतो.

परदेशात या हौसेचा एक चुलत प्रकार आहे, त्याला लार्प म्हणतात. इंग्लंडात 1982 च्या सुमारास पेकफर्टन किल्ल्यावर 'ट्रेझर ट्रॅप' नावाने असा खेळ सुरू झाला. तिथे ध्वनिफीत नसते, लिहिलेले संवाद नसतात आणि बघायला कोणी बसत नाही. जो आला तो खेळातच. आपल्याकडे त्याच्या जास्त जवळ जाते ते पालचे खंडोबा-म्हाळसेचे लग्न. पौषात तारळीकाठी भंडाऱ्याने पिवळी झालेली ती सारी गर्दी वऱ्हाडीच असते, प्रेक्षक एकही नसतो. नवख्यांच्या बाबतीत मात्र विलायतेतली आणि उंब्रजची रीत एकच. तिथल्या बऱ्याच गटांत नव्या माणसाला आधी राक्षसांच्या टोळीत घालतात आणि फोमच्या तलवारींनी दिवसभर मारतात. खेळ कसा चालतो, वार किती जोरात करायचा, दुसऱ्याच्या वाटेत कधी यायचे नाही, हे मरता मरता समजते.

तेव्हा यंदा कोणाला देखाव्यात उतरायचे असेल तर त्याने जिवा महालासाठी भांडत न बसता मेलेल्या शिपायाची भूमिका स्वतःहून मागावी. ती दुसरे कोणी मागत नाही, त्यामुळे लगेच मिळते. फक्त नाकाला आधी थोडे कडुनिंबाचे तेल लावून ठेवावे.