रिकाम्या खुर्चीचे वकील

कुंभकोणमच्या रायरांना पक्ष नाही, पेन्शन आहे. त्यामुळे आपण राजकारणाकडे निःस्वार्थ बुद्धीनं पाहू शकतो, असं त्यांचं स्वतःचं मत. तमिळ मुलुखात मराठी देशस्थाला रायर म्हणतात. तंजावर, तिरुवारूर, कुंभकोणम अशा गावांतून बँकेतून नाहीतर पोस्टातून निवृत्त झालेले असे रायर गल्लीगल्लीत भेटतात. पांढरं धोतर, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला बॉलपेन आणि काखेत दोन वर्तमानपत्रं : तमिळ 'दिनमलर' आणि इंग्रजी 'हिंदू'. काय घडलं ते पहिल्यात वाचायचं आणि ते घडायला नको होतं हे दुसऱ्यात. 'दिनमलर'मध्ये 'टी कडै बेंच' नावाचं सदर येतं; चहाच्या दुकानातल्या बाकावर बसलेल्या कल्पित मंडळींच्या तोंडून त्यात राजकीय कुजबुज छापतात. रायर ते सर्वांत आधी उघडतात. आपलं कालचं वाक्य कुणी चोरलं की काय, एवढंच पाहायचं असतं.

हा रोग पिढीजात आहे. व्यंकोजीराजांनी १६७६च्या सुमाराला तंजावर घेतलं, १८५५ साली इंग्रजांनी ते खालसा केलं. पण मधल्या पावणेदोनशे वर्षांत इथल्या मराठी घरांना कारभार करायची जी खोड लागली ती खालसा करणं कुणाला जमलं नाही. राजा गेला तर दुसऱ्याचा राजा शोधायचा. टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमला जन्मले आणि त्रावणकोर, इंदूर, बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्यांचे चुलतबंधू रघुनाथराव इंदूरला दिवाण. व्ही. पी. माधवराव तेही इथलेच; त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदा त्यांच्या नावावर. आंबेमोहोर तांदूळ मावळातून यावा तसे दिवाण कुंभकोणमहून यायचे. आता संस्थानं उरली नाहीत, दिवाण मात्र पैदा होतच असतात. त्यांनी जायचं कुठं? कुंभेश्वराच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या कॉफी हॉटेलात.

या हॉटेलात भिंतीवर तमिळमध्ये पाटी आहे : 'इथे राजकारण बोलू नये.' तमिळनाडूत चहाच्या दुकानांत आणि केशकर्तनालयांत ही पाटी जागोजाग दिसते. ज्याअर्थी लावावी लागते त्याअर्थी उपयोग होत नाही हे उघड आहे. रायरांचं टेबल बरोबर त्या पाटीखाली. तिथं बसलं म्हणजे पाटी दिसत नाही.

२०२४च्या लोकसभेच्या वेळी या टेबलाला चार खुर्च्या होत्या आणि पाचवं स्टूल होतं. स्टूल रायरांचं, कारण दिवाणानं गादीवर बसायचं नसतं. पहिली खुर्ची निवृत्त तमिळ मास्तरांची. मास्तर द्रमुकचे, अगदी काळ्या-लाल काठाचं उपरणं घेण्याइतके. दुसरी पानवाल्या अण्णांची. कुंभकोणमची कोवळी विड्याची पानं आसपासच्या गावांना पोचवणारे हे गृहस्थ अण्णाद्रमुकचे. दोन पानं हे पक्षाचं चिन्ह असल्यावर पानवाल्यानं आणखी कुठं जायचं? तिसरी ऑटोवाल्या तंबीची. कुंभकोणम महानगरपालिका झाल्यावर २०२२ साली पहिले महापौर झाले ते काँग्रेसचे के. सरवणन, व्यवसायानं ऑटोचालक. त्या दिवसापासून स्टँडवरचा हा पोरगा काँग्रेसचा. चौथ्या खुर्चीवर रायरांचा भाचा, चेन्नईत सॉफ्टवेअरमध्ये, घरून काम करायला गावी आलेला आणि भाजपचा. तो रायरांशी मराठीत भांडतो, बाकीच्यांशी तमिळमध्ये आणि मोबाइलवर इंग्रजीत.

कुंभकोणम लोकसभेला मयिलाडुतुरै मतदारसंघात येतं. इथं त्या वर्षी जो घोळ होता तो रायरांना देवानंच पाठवला असावा. द्रमुकनं जागा काँग्रेसला सोडलेली. म्हणजे मास्तरांचा उगवता सूर्य मतदान यंत्रावर उगवणारच नव्हता. त्यांना हाताचा पंजा घेऊन फिरायचं होतं. ज्या मास्तरांनी १९६५च्या हिंदीविरोधी आंदोलनात शाळा बुडवून काँग्रेसच्या नावानं शंख केला, १९६७ साली काँग्रेसचं राज्य गेलं तेव्हा पेढे वाटले, तेच आता ऑटोवाल्या तंबीबरोबर काँग्रेसची पत्रकं वाटत होते.

"मास्तर, त्या वेळचे पेढे परत मागवावे लागतील," रायर म्हणाले.

"रायर सार, आघाडी आहे ती."

"असू दे. मी फक्त पेढ्यांचं बोलतोय."

त्यात भाजपच्या आघाडीतून पाट्टाळी मक्कळ कच्चीनं उभे केले आडुतुरैचे म. क. स्टालिन. मुख्यमंत्री मु. क. स्टालिन, विरोधी उमेदवार म. क. स्टालिन. रायरांनी आठवडाभर दुसरं काही बोलायचं नाही असं ठरवलं. येईल त्याला सांगायचे, "यंदा डोळे मिटून स्टालिनना मत द्या. स्टालिनचा माणूस पडेल, पण स्टालिन येईल!" भाचा म्हणायचा, "मामा, लोकांना आद्याक्षरं कळतात." रायर म्हणायचे, "लोकांना कळतात रे, तुमच्या पक्षाला कळली का ते विचारतोय."

इथवर रायर म्हणजे गावोगावी आढळणारा बोलघेवडा पेन्शनर वाटेल. पण त्यांची खरी खुबी वेगळी. टेबलाची एक जरी खुर्ची रिकामी दिसली, की रायर त्या पक्षाचे होतात.

मास्तरांचा गुडघा दुखला आणि ते आले नाहीत, की त्या दिवशी रायर द्रमुक. बायकांना साध्या बसमधून फुकट प्रवास, महिन्याला हजार रुपये मानधन, एकेक योजना ते अशी मांडतात की मास्तरांनी ऐकली असती तर टिपून घेतली असती. अण्णा मालाबरोबर बाहेरगावी गेले की रायरांना जयललितांचा उमाळा येतो. २०११ साली घरोघर मिक्सर, ग्राइंडर आणि पंखा कुणी दिला, असं ते हॉटेलवाल्याला दटावून विचारतात. हॉटेलवाल्याच्या घरी तो पंखा अजून फिरतो, तेव्हा तो गप्प. भाच्याची सकाळची मीटिंग लांबली की रायर संसदेतला सेंगोल हातात घेतात. १९४७ साली तो राजदंड दिल्लीला पाठवणारा तिरुवावडुतुरैचा मठ याच मतदारसंघातला. २०२३च्या मे महिन्यात तो नव्या संसदभवनात बसवला गेला, तर त्यात आपल्या कावेरीचा मान नाही का, असं म्हणून ते तंबीला निरुत्तर करतात. आणि तंबीला भाडं लागलं तर? काँग्रेसची वकिली अवघड. तिथं रायर थेट १८८७ सालात शिरतात. मद्रासला काँग्रेसचं तिसरं अधिवेशन भरलं तेव्हा स्वागताध्यक्ष कोण होते? टी. माधवराव! तुमचे पक्ष तेव्हा जन्माला तरी आले होते का? पुढच्या सव्वाशेहून जास्त वर्षांबद्दल कुणी विचारलं, तर कॉफी थंड होतेय याची त्यांना आठवण होते.

कॉफी हे रायरांचं शस्त्र. पितळी टंबलर आणि पितळी वाटी, दोन्ही काठापर्यंत तापलेली. मुद्दा हातात असला की रायर दोनदा वरखाली करून घोट घेतात. मुद्दा निसटत असला की हात वर जातो. कॉफीची धार हातभर लांब होते, फेस चढतो, समोरचा बघत राहतो आणि तोवर रायरांना उत्तर सुचतं. जाणकार मंडळी चेहऱ्याकडे बघतच नाहीत, फेसाकडे बघतात. फेस जास्त म्हणजे बाजू लंगडी. मार्चअखेर पंतप्रधानांनी कच्चतीवूचा विषय काढला, १९७४ साली ते बेट श्रीलंकेला का दिलं म्हणून. नेमकी त्या दिवशी तंबीची खुर्ची रिकामी. रायरांनी इंदिरा गांधींची बाजू घेतली खरी, पण त्या सकाळी एवढा फेस झाला की कॉफी शोधावी लागली.

दुसऱ्या दिवशी गैरहजर माणूस परत आला की रायर कालचेच मुद्दे उलटे करून त्याच्यावर टाकतात.

"रायर सार, काल तुम्ही आमच्या बाजूनं फार छान बोललात म्हणे?" मास्तरांनी एकदा भाबडेपणानं विचारलं.

"काल तुम्ही नव्हता."

हे त्यांचं तत्त्वज्ञान समजायला थोडं गणित लागतं. तमिळनाडूत उमेदवार ठरतो तो जातीची बेरीज करून. त्या बेरजेत मराठी बोलणारी घरं हातच्यालाही धरत नाहीत. उमेदवार रायरांच्या गल्लीत येतो, हात जोडतो आणि गाडी न थांबवता पुढे जातो. त्यामुळे रायर कुणाचे नाहीत याबद्दल सगळ्या पक्षांना खात्री आहे आणि रायर आपले आहेत याबद्दल टेबलावरच्या प्रत्येकाला. मास्तर आणि अण्णा एरवी एकमेकांच्या घरच्या लग्नालाही जात नाहीत. पण रायरांसमोर दोघं रोज तासभर भांडतात, कारण आपण नसलो तर आपली बाजू कुणीतरी सांभाळेल एवढा भरवसा असतो.

दोन विषयांवर मात्र रायर कुणाचीच बाजू घेत नाहीत. १९९२च्या फेब्रुवारीत गावात महामहमचा उत्सव झाला, मुख्यमंत्री जयललिता तळ्यावर स्नानाला आल्या, चेंगराचेंगरी झाली आणि माणसं गेली. ते निघालं तर अण्णा आपणच उन्हाबद्दल बोलू लागतात आणि मास्तर त्यांना बोलू देतात. दुसरा विषय जिल्ह्याचा. २०२० साली मयिलाडुतुरैचा जिल्हा झाला, कुंभकोणम मात्र अजून तंजावर जिल्ह्यातच. इथं चार पक्ष आणि एक स्टूल यांचा ठराव एकमतानं पास होतो : गावावर अन्याय झाला आहे. मग कॉफीची दुसरी फेरी येते आणि अन्याय कुणी केला यावर पुन्हा चार पक्ष होतात.

रायरांचाही एक दुबळा कोपरा आहे. रजनीकांत. मूळचे शिवाजीराव गायकवाड, म्हणजे आपले. १९९६ साली रजनीकांतनं जयललितांविरुद्ध तोंड उघडलं तेव्हा, आणि त्याच वर्षी जवळच्याच सुंदरपेरुमाळकोविलच्या जी. के. मूपनारांनी काँग्रेस फोडून तमिळ मानिल काँग्रेस काढली तेव्हा, रायरांना गावाचा पंतप्रधान आणि भाषेचा मुख्यमंत्री असे दोन्ही दिसू लागले होते. मूपनारांचं पंतप्रधानपद थोडक्यात हुकलं, असं इथं अजूनही हळहळून सांगतात. रजनीकांतनं २०१७च्या शेवटच्या दिवशी पक्ष काढतो म्हटलं आणि २०२० संपता संपता नको म्हटलं. "तीन वर्षं मी मंत्रिमंडळ बनवत होतो," रायर म्हणतात, "खातेवाटप तेवढं राहिलं होतं."

घरी रायरांना कुणाचीच वकिली करावी लागत नाही, कारण तिथं एकपक्षीय राजवट आहे. हजार रुपये मानधन रायरांच्या सौभाग्यवतींना मिळत नाही. घरात पेन्शन आहे म्हणून नाव बसत नाही. मात्र स्वामिमलैच्या मुरुगनला जाताना टाउन बसमध्ये त्यांना तिकीट नसतं आणि शेजारी बसलेल्या रायरांना असतं. "तुम्ही रोज एवढं राजकारण करता," त्या म्हणतात, "त्यात आपल्या घराला जे मिळालं ते माझ्या एकटीमुळे. आणि तुमच्या पेन्शनपायी माझे हजार गेले." या मुद्द्यावर रायरांकडे उत्तर नाही. घरी कॉफी स्टीलच्या पेल्यात मिळते आणि तो पेला उंच धरायला बंदी आहे.

आचारसंहिता लागली तशी अण्णांची झोप उडाली. पन्नास हजारांहून जास्त रोकड बिनकागदाची सापडली की भरारी पथक जप्त करतं, आणि पानाचा व्यवहार सगळा रोखीचा. रायरांनी सल्ला दिला, "पैशाचं राहू दे अण्णा. पानांचं बघा. टोपलीत जोडीजोडीनं लावू नका. दोन पानं दिसली की चिन्हाचा प्रचार म्हणून धरतील. तीन-तीन लावा." आणि अण्णांच्याच टोपलीतलं एक पान उचलून, धोतराला पुसून, देठ खुडून, पाठीला चुना लावता लावता म्हणाले, "हे एकच घेतो. मी अपक्ष."

१९ एप्रिलला मतदान. चैत्रातलं ऊन, कावेरीच्या पात्रात वाळूच वाळू. रायर सात वाजता रांगेत पहिले. शाई लावलेलं बोट वाऱ्यावर धरून हॉटेलात आले. चौघांनी एकाच वेळी विचारलं, "कुणाला?"

"केंद्रावर ज्याचा एजंट आला नव्हता, त्याला."

मतमोजणीला ४ जून उजाडायचा होता. अग्निनक्षत्राचा उन्हाळा आणि जवळजवळ दीड महिन्याची वाट. त्या काळात रायरांनी तमिळनाडूच्या एकोणचाळीस जागा रोज नव्यानं वाटल्या. खुर्च्या भरलेल्या असतील त्याप्रमाणे आकडे बदलत, पण बेरीज चुकली नाही. बँकेतली सवय.

निकाल लागला. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस जागा द्रमुक आघाडीला. मयिलाडुतुरैत काँग्रेसच्या आर. सुधा अडीच लाखांहून जास्त मतांनी निवडून आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा फिरकले नाहीत. भाच्याला अचानक चेन्नईच्या ऑफिसात बोलावणं आलं. तंबी फटाक्यांच्या मागे. मास्तर तेवढे उपरणं इस्त्री करून आले, कॉफी मागवली आणि विजयी चेहऱ्यानं बसले. समोर तीन खुर्च्या रिकाम्या.

पुढचा तासभर मास्तरांच्या आयुष्यातला फार वाईट गेला. रायर आधी अण्णाद्रमुक झाले आणि मतांची फूट कशी झाली ते सांगितलं. मग भाजप झाले आणि दिल्लीत सरकार तरी कुणाचं येतंय ते विचारलं. मग तंबीची खुर्ची दिसली, तेव्हा काँग्रेस होऊन म्हणाले, की जागा आमची, खासदार आमच्या, तुम्ही कसले पेढे वाटता?

"अहो रायर सार," मास्तर रडकुंडीला आले, "आम्ही सगळ्याच्या सगळ्या जिंकल्या, तरी मला एक वाक्य बोलू देणार नाही?"

"विरोधी पक्ष नको का कुणी?" रायर म्हणाले आणि कॉफी ओतली. धार आखूड होती, फेस बेताचा.

आठवड्यानं अण्णा आले. खाली मान घालून खुर्चीवर टेकतात न टेकतात तोच रायरांनी सुरुवात केली, की शून्य जागा आणायला पक्ष कशाला लागतो? अण्णांनी दीनपणे मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पुढे सरसावले आणि आठवडाभर रायरांच्या तोंडून ऐकलेले मतांच्या फुटीचे सगळे मुद्दे एकापाठोपाठ एक अण्णांच्या बाजूनं मांडू लागले.

रायरांनी स्टूल मागे सरकवलं आणि पोऱ्याला चार कॉफी सांगितल्या. विधानसभेची निवडणूक २०२६ला होती. तयारीला वेळ तसा थोडाच होता.