ठिणगीची तहकिकात

हवा, पेट्रोल आणि ठिणगी या तिघांची वेळेवर गाठ पडली की इंजिन चालते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु यांपैकी पहिली दोघे कानाला आणि नाकाला आपली हजेरी देतात, तिसरी मात्र पडदानशीन असल्यामुळे तिच्या गैरहजेरीचा ठपका कोणावर ठेवावा, हा मोठा नाजूक प्रश्न होऊन बसतो. महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून हयात घालविल्यानंतर चिरंजीवांकडे अमेरिकेतील आयोवा राज्यात मुक्कामास गेलो असता, शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याच्या कोठारात अशाच एका तहकिकातीत पंच म्हणून बसण्याचा योग मला आला.

त्या गृहस्थांपाशी फार्मॉल एच जातीचे दोन तांबडे ट्रॅक्टर होते. हे यंत्र १९३९ ते १९५३ या काळात इलिनॉय राज्यातील रॉक आयलंडच्या कारखान्यात लाखांच्या संख्येने निपजले, आणि घेणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे त्याला मॅग्नेटो किंवा बॅटरी यांपैकी एकाची ठिणगी मिळत असे. आमच्या खात्याच्या भाषेत सांगायचे तर मॅग्नेटो हा इनामदार आणि बॅटरीवरचे इंजिन हा पगारदार. इनामदाराची मिळकत लोहचुंबकाच्या रूपाने पोटातच असते. तो चुंबक फिरला की तारेच्या वेटोळ्यात वीज उपजते, आणि नेमक्या क्षणी तिची वाट तोडणारे पॉइंट उघडताच शेजारच्या बारीक तारेच्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उसळतात. हँडल मारणाऱ्याच्या मंद गतीचीही त्याने तजवीज केलेली असते. इम्पल्स कपलिंग चुंबकाला क्षणभर अडवून मग स्प्रिंगच्या जोराने 'खट्' करून सोडते, त्यामुळे ठिणगी जोमदार पडते आणि थोडी उशिरा पडल्यामुळे हँडल उलटे फिरून मनगटाचा निकाल लावीत नाही. पगारदाराला मात्र सहा व्होल्टच्या बॅटरीचा नियमित भरणा लागतो. तो थकला की कॉइल, पॉइंट आणि प्लग हा सारा नोकरवर्ग हात जोडून उभा राहतो.

तथापि या दोघांतला खरा भेद काम थांबविण्याच्या रीतीत आहे. बॅटरीचे इंजिन बंद करायचे तर स्विचने विजेची वाट तोडावी लागते. मॅग्नेटोचे बंद करायचे तर त्याची तार सांगाड्याला जोडावी लागते. म्हणजे तुटकी तार पगारदाराला कामावर येऊ देत नाही, आणि इनामदार एकदा कामावर आला तर त्याला जाऊ देत नाही.

त्या वसंतात दोघांनीही असहकार पुकारला होता. प्लग काढून इंजिनावर आडवे ठेवले आणि हँडल मारले, तरी ठिणगीचे दर्शन नाही. शेजाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे प्रथम पॉइंटचा जोडीदार जो कंडेन्सर, त्याच्यावर संशय घेतला. पण पगारदाराचे पॉइंट उघडून पाहिले तेव्हा हिवाळ्यात त्यांवर चढलेली मळकट साय दिसली. ती पुसण्यास जाड, स्वच्छ कागद हवा होता, म्हणून मी पदनाम छापलेले माझे भेटकार्ड पुढे केले, आणि त्या पदनामाने कोणाचे तरी अडलेले काम तत्काळ मार्गी लावल्याचे दृश्य मी प्रथमच पाहिले.

इनामदाराचे पॉइंट मात्र लखलखीत होते आणि 'खट्' हा आवाजही बिनचूक येत होता. चुंबकच क्षीण झाला असे ठरवून शेजारी त्याला खाली उतरविण्याच्या बेतात होते. तेवढ्यात, अडलेल्या प्रकरणात मनाईहुकूम आहे की काय हे आधी पाहण्याच्या जुन्या खोडीने मी विचारले, "याला कोणी थांबवून तर ठेवलेले नाही ना?" वृद्ध क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, मग त्यांनी बंद करण्याची ती बारीक तार मॅग्नेटोवरून सोडली, हँडल मारले, आणि निळी ठिणगी टचकन उडाली. उंदराने तारेचे वेष्टन कुरतडले होते, उघडी तार सांगाड्याला टेकली होती, आणि कोणीही न काढलेला मनाईहुकूम हिवाळाभर जारी होता. दुपारी हा वृत्तांत ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तुमच्या कचेरीत एवढे उंदीर होते, तिथे कधी तार सोडून पाहिली नाहीत ती!"

तेव्हा वाचकहो, जुना मॅग्नेटो मौन धरून बसला, तर त्याला बडतर्फ करण्यापूर्वी ती तार सोडून पाहावी. त्याला चेतना यावी म्हणून बॅटरीची तार मात्र कदापि जोडू नये. इनामदाराला पगार देऊ केला की त्याचे पॉइंट जळतात. आणि तार सोडलेली ठेवूनच इंजिन सुरू करणार असाल, तर ते बंद कसे करणार, याचा विचार हँडलला हात लावण्यापूर्वीच करून ठेवावा.