ऐपत : उणे पंधराशे

मराठी माणसाला आपल्याकडे पैसे नाहीत हे सांगायला लाज वाटते आणि आहेत हे सांगायला भीती वाटते. त्यामुळे या विषयावर तो जन्मभर ‘बरं चाललंय’ एवढंच बोलतो. अमेरिकेत मुलगी बारावीत गेली की मात्र हे उत्तर चालत नाही. ‘फॅफ्सा’ नावाचा सरकारी फॉर्म समोर येतो आणि नेमकं किती बरं चाललंय ते डॉलरमध्ये विचारतो. तो फॉर्म त्यातल्या त्यात सभ्य. राहतं घर आणि म्हातारपणासाठी बाजूला टाकलेले पैसे तो मोजत नाही. बरीचशी खासगी कॉलेजं आणखी एक फॉर्म भरायला लावतात, आणि तो घरातही शिरतो. आमच्या ह्यांनी आपला पगार सख्ख्या भावालाही कधी सांगितला नव्हता. तो त्यांनी रात्री अकरा वाजता, पडदे ओढून, एका संकेतस्थळाला सांगितला.

एवढं सांगून झाल्यावर सरकार आपल्याला एक आकडा देतं. हा आकडा शून्याच्या खालीसुद्धा जाऊ शकतो, थेट उणे पंधराशेपर्यंत. माणसाची ऐपत नसणं मी पाहिलं होतं, पण उणे ऐपत सरकारने लेखी द्यावी हे नवीन होतं. आमचा आकडा शून्याच्या चांगलाच वर आला. सासूबाईंना सांगलीला फोन करून सांगितलं तर त्या म्हणाल्या, “अगं, मग पेढे वाटा की!” इथे वरचा नंबर आला की मदत मिळत नाही, हे त्यांच्या गळी उतरवायला तो सगळा रविवार गेला.

कॉलेज मागत होतं ती रक्कम आणि आमच्याकडची रक्कम यांच्यामधलं अंतर बघून शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, “गावातल्या लॉजमध्ये विचारलंत का?”

लॉज म्हणजे आमच्या रस्त्यावरची ती शिंगवाल्या हरणाचा पुतळा असलेली इमारत. शुक्रवारी तिथे तळलेले मासे मिळतात आणि दारात म्हाताऱ्यांच्या गाड्या उभ्या असतात. तो गुत्ता आहे असं ह्यांचं ठाम मत होतं, आणि इतिहास बऱ्यापैकी ह्यांच्या बाजूने निघाला. न्यूयॉर्कमध्ये रविवारी दारू विकायला बंदी होती, तेव्हा काही नटमंडळींनी रविवारची सोय म्हणून एक खासगी मंडळ काढलं. पुढे त्यांच्यातला एक जण वारला, मागे बायकापोरं उघडी पडली, आणि मंडळींना जाग आली. त्यातून 1868 साली ‘एल्क्स’ ही संस्था उभी राहिली; आमच्या रस्त्यावरचं लॉज ही तिचीच शाखा. पिण्याच्या बैठकीतून शिष्यवृत्ती निघाल्याचं उदाहरण आपल्याकडे माझ्या ऐकण्यात नाही. आपल्याकडे त्यातून फार तर कविसंमेलन निघतं.

हे एल्क्स दरवर्षी देशभरातल्या 500 मुलांना चार-चार वर्षांची शिष्यवृत्ती देतात. मार्क, पुढारपण आणि गरज अशा तिन्ही गोष्टी बघतात. अट म्हणजे मूल अमेरिकेचं नागरिक हवं. सभासदाशी नातं असण्याची गरज नाही. ह्यांना नेमकं हेच पटेना. “पण आपण त्यांचे कोण?” असं ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. ह्यांचं शिक्षण ज्ञातीच्या विद्यार्थी फंडावर झालेलं. त्या फॉर्मवर मूळ गाव, कुलदैवत आणि मामाचं आडनाव असे रकाने होते, आणि मुलाखत घेणारे काका शेवटी कुठल्या तरी आत्याकडून नातेवाईक निघाले होते. काहीही नातं न काढता पैसे देणारी माणसं ह्यांना संशयास्पद वाटत होती.

मग मी या मंडळींच्या नादी लागले आणि सापडत गेलं ते अफाट होतं. एल्क्सच्या शाखाप्रमुखाचा हुद्दा ‘एक्झॉल्टेड रूलर’. कॅथलिकांच्या ‘नाइट्स ऑफ कोलंबस’मध्ये ‘ग्रँड नाइट’ असतो, आणि ‘ऑड फेलोज’मध्ये ‘नोबल ग्रँड’. एवढ्या पदव्या पेशवाईतही वाटल्या नसतील. आमच्या गावचे एक्झॉल्टेड रूलर निवृत्त प्लंबर निघाले, आणि एकीकडे मुलाखतीची तारीख देता देता त्यांनी आमच्या तळघरातल्या गळक्या नळावर फुकट सल्लाही दिला. ऑड फेलोजची अमेरिकेतली शाखा 1819 ची, बाल्टिमोरची. आजाऱ्याला भेटा, मेलेल्याला मूठमाती द्या, अनाथाला शिकवा, ही त्यांची शिकवण. नव्या सभासदाला मरणाची आठवण राहावी म्हणून ते लॉजमध्ये शवपेटीत सांगाडा ठेवत. आता जुनी लॉजं बंद पडतात, कोणीतरी इमारत विकत घेतं, कपाट उघडतं आणि पोलिसांना फोन करतं. अनाथ विद्यार्थ्यांसाठी एवढं करणाऱ्या माणसांना मी एका सांगाड्यापायी नावं ठेवणार नाही. पण कन्येला तिथे एकटीला पाठवलं नाही.

बायकांच्या संस्थांची तऱ्हा वेगळी. ‘पी. ई. ओ.’ नावाची संस्था 1869 मध्ये आयोवातल्या एका कॉलेजात सात मुलींनी काढली. ही अक्षरं कशाची, हे त्यांनी 2005 पर्यंत बाहेर सांगितलं नाही. त्या वर्षी सांगितलं ते परोपकार आणि शिक्षणाबद्दलचं, आणि मूळचा अर्थ अजूनही सभासदांपुरताच आहे. सव्वाशेहून जास्त वर्षं एवढ्या बायकांनी एक गोष्ट पोटात ठेवली! आमच्या महिला मंडळात भिशीची रक्कमसुद्धा मंगळवारपर्यंत टिकत नाही. याच बायकांनी 1907 पासून मुलींना शिकायला कर्ज दिलं आणि आज त्या शिष्यवृत्त्याही देतात. बारावीच्या मुलींसाठीही एक आहे, पण तिच्यासाठी आपण होऊन अर्ज करता येत नाही. स्थानिक शाखेने मुलीचं नाव सुचवावं लागतं. म्हणजे आधी एक पी. ई. ओ. बाई शोधायची. मी महिनाभर शोधत होते. त्या निघाल्या आमच्या ग्रंथालयातल्या बाई, ज्यांच्याशी मी कित्येक वर्षं फक्त उशिराच्या दंडावरून बोलले होते.

त्यांचीच दुसरी एक शिष्यवृत्ती 1949 पासून आहे. ती अमेरिका-कॅनडाबाहेरच्या, इथे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलींना मिळते. माझी भाची सांगलीहून इथे एम. एस.ला आली आहे, तिला मी तो अर्ज भरायला लावला. त्यात आपल्याला पैशांची गरज आहे हे दाखवायचं असतं, आणि शिष्यवृत्ती धरून उरलेला सगळा खर्च भागेल एवढी सोय आपल्याकडे आहे हेही दाखवायचं असतं. भाचीने विचारलं, “मावशी, मी गरीब आहे की नाही ते एकदा ठरवून सांग.” मी म्हटलं, “पहिल्या पानावर आहेस, तिसऱ्या पानावर नाहीस.”

इकडे आमच्या कन्येचं निबंधावर अडलं होतं. आपली परिस्थिती लिहा, असं म्हटल्यावर ती दोन दिवस खोलीत बसली आणि बाहेर येऊन रडवेली होत म्हणाली, “आई, तुम्ही मला एकही धड संकट दिलं नाहीत!” ही बातमी सांगलीला पोचली. सासूबाईंनी ताबडतोब आपली विहीर, अनवाणी शाळा आणि 72 चा दुष्काळ वापरायची परवानगी दिली. शेवटी समुपदेशक बाईंनी वाट दाखवली. रडू नका, नुसते आकडे लिहा, म्हणाल्या. बाबांची नोकरी अमुक महिने नव्हती, आजोबांच्या बायपाससाठी एवढे पैसे गावी पाठवले, कॉलेजच्या मदतीनंतर एवढे कमी पडतात. निबंध अर्ध्या पानाचा झाला आणि मला वाचवला नाही. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि आम्ही त्यातलं एकही कधी मोठ्याने बोललो नव्हतो.

ह्यांचा शेवटचा आक्षेप तोपर्यंत शिल्लक होता. “अमेरिकन बायकांपुढे हात पसरायचा?” तेव्हा मी पंडिता रमाबाईंना मध्ये आणलं. 1887 मध्ये बॉस्टनला खास त्यांच्या कामासाठी संस्था निघाली. गावोगावच्या बायकांनी ‘रमाबाई सर्कल’ काढून पैसे जमवले, दहा वर्षं मदत देण्याचं कबूल केलं, आणि त्यातून 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उभं राहिलं, पुढे ते पुण्याला गेलं. पुण्या-मुंबईच्या मुली या पैशावर शिकल्या त्याला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, लाजायचं असतं तर तेव्हाच लाजून घ्यायचं होतं. ह्यांनी उत्तर दिलं नाही, पण दुसऱ्या दिवशी कर विवरणाच्या प्रती स्वतः काढून दिल्या. आमच्याकडे याला संमती म्हणतात.

कन्येला लॉजकडून हजार डॉलर मिळाले. लगेच कॉलेजचं पत्र आलं : बाहेरून पैसे मिळाल्यामुळे आमची मदत तेवढी कमी करत आहोत. ही चाल इथे इतकी रुळलेली आहे की मेरीलँडने 2017 मध्ये आपल्या सरकारी कॉलेजांपुरती तिला कायद्यानेच वेसण घातली. आम्ही काही मेरीलँडमध्ये राहत नाही. मग मीच फोन करून, अनुदानाला हात न लावता कर्ज कमी करा, असं म्हटलं, आणि त्यांनी केलं. न विचारता केलं नसतं.

तेव्हा यंदा ज्यांची मुलं इथे बारावीत आहेत त्यांनी एवढं करावं. एल्क्सचा अर्ज ऑगस्टच्या सुमारास उघडतो आणि नोव्हेंबरात बंद होतो, दिवाळीच्या फराळाआधी तो भरून टाका. ग्रंथालयातल्या बाईंशी दंड सोडून दुसरं काहीतरी बोला. कॉलेजला आधी विचारा की बाहेरचे पैसे आले तर कशातून कापणार. आणि शिष्यवृत्ती मिळवून देतो म्हणून जो फी मागेल, त्याला एक डॉलरही देऊ नका.