आमच्याकडे रात्री झाडं चालतात

कुणाला सांगू नका, पण आमच्या ह्यांचं रात्रीचं काहीतरी चालू आहे.

शनिवारची गोष्ट. साडेअकरा वाजून गेलेले, सासूबाई निजलेल्या, कन्या तिच्या खोलीत, आणि हॉलमधून दबका आवाज आला, "थांब जरा. अंधार पडू दे, मग येतो." आता तुम्हीच सांगा. चाळिशी ओलांडलेला, पतपेढीत थकीत कर्जं बघणारा, चहातली साखर अर्ध्या चमच्यावर आणलेला माणूस अंधार पडायची वाट कुणासाठी बघेल? तेही रात्री साडेअकराला? मी अनवाणीच गेले. हे हेडफोन लावून बसलेले. लॅपटॉपवर निळंजांभळं जंगल, आणि त्या जंगलातून वडाएवढं एक झाड मुळं उपसून, पदर खोचून निघालेल्या बाईसारखं डुलत डुलत चाललेलं.

"हे काय?"

"एन्शंट ऑफ वॉर," हे म्हणाले. मान वळवली नाही.

दुसरी बाई असती तर निदान दचकले तरी असते.

दुसऱ्या दिवशी चहाबरोबर कबुलीजबाब झाला. प्रकरणाचं नाव वॉरक्राफ्ट थ्री. माहेर कॅलिफोर्नियात, अर्व्हाइन गावच्या ब्लिझार्ड घराण्यात. जन्म जुलै २००२. बरोबर वर्षाने पाठची बहीण झाली, द फ्रोझन थ्रोन, आणि खरं लफडं हिच्याशीच. थोरल्या दोघी १९९४ आणि १९९५ सालच्या, पण त्यांच्याकडे आता आमच्या ह्यांच्यासारखे फिरकत नाहीत. हे इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलात होते तेव्हा सगळ्या खोल्या एका केबलने जोडलेल्या असायच्या. सबमिशनच्या आदल्या रात्री त्या केबलमधून काय वाहायचं ते आता कळतंय. सीडी कुठून आणली होती, ते मी विचारलं नाही आणि ह्यांनीही सांगितलं नाही. मग नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, घराचे हप्ते सुरू झाले. मला वाटलं, सुटलं असेल. सुटतंय कसलं! चौकडी आहे तशीच आहे. एक कोथरूडला, एक बंगळुरूला, एक न्यू जर्सीत, आणि आमचे इथे डोंबिवलीत. दर शनिवारी इथे साडेअकरा वाजले आणि न्यू जर्सीत दुपार झाली की चौघेही आपापल्या घरातून गायब. देहाने असतात, पण तेवढंच.

"सेनापती व्हावं लागतं त्यात," हे मला म्हणाले. "अख्खं सैन्य हाकायचं, एकाच वेळी दहा ठिकाणी लक्ष ठेवायचं. समोरचा आपली पाळी संपायची वाट बघत नाही."

मी म्हटलं, बघू तरी. दोन शनिवार शेजारी खुर्ची टाकून बसले, मेथी निवडत. आणि मंडळी, काय सांगू! कसलं सैन्य आणि कसलं काय. तो सगळा मुदपाकखाना आहे हो!

खेळ सुरू होतो तेव्हा हातात ५०० सोनं, १५० लाकूड आणि पाच गडी. बस, एवढ्यावर संसार. ह्यांची जमात नाइट एल्फ. ह्यांचे गडी म्हणजे विस्प, तरंगते दिवेच. पाच दिवे सोन्याच्या खाणीत बसवायचे. सहाव्याला तिथे जागा नसते. बाकीचे झाडांना चिकटून लाकूड काढत राहतात, आणि झाड मात्र उभंच राहतं. सैन्य वाढवायचं तर आधी शिध्याची सोय. एक चंद्रविहीर बांधली की दहा वाटे शिधा वाढतो. धनुष्यवाली बाई दोन वाटे खाते, डोंगरासारखा एक गडी आहे तो एकटा सात खातो. (प्रत्येक घरात असा एक असतो.) खाणारे पन्नास वाट्यांपर्यंत असले तर खाणीतून आलेलं दहा सोनं दहाच्या दहा पदरात. पन्नासच्या वर गेलात की दहातले सातच मिळतात, ऐंशीच्या वर चारच, आणि शंभराला पंगतच बंद. माणसं पोसण्याचा खर्च म्हणून वरच्या वर कापतात म्हणे. म्हणून हुशार सेनापती एकोणपन्नास-पन्नासवर हात आखडून बसतो, थोडं गाठीला बांधतो आणि मगच खर्चाला हात घालतो.

हे सगळं ह्यांना तोंडपाठ! घरात तूरडाळ किती उरली, विचारा. गॅसचा नंबर कधी लावला होता, विचारा. सोसायटीच्या टाकीत पाणी किती वाजता येतं ते लग्नाला सोळा वर्षं होऊन माहीत नाही, पण त्या चंद्रविहिरी रात्रीच भरतात हे माहीत आहे. तेवढ्यासाठी अंधाराची वाट बघत होते त्या दिवशी. शिवाय ह्यांच्या फौजेतल्या बाया अंधारात उभ्या जागी दिसेनाशा होतात. आणि जंगलातली राखण करणारी जनावरं रात्री झोपतात, म्हणजे चोरून जायला बरं.

एक सोय मात्र मला फार आवडली. एखादा गडी कामाविना उभा राहिला की पडद्याच्या कोपऱ्यात त्याचं चित्र उमटतं. बोट लावायचं आणि कामाला धाडायचं. आमच्या हॉलमध्ये ही सोय बसवून मिळाली तर रविवारी सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत एकच चित्र दिसत राहील, सोफ्यासकट.

बाकीच्या जमातींचं तोंडी लावण्यापुरतं सांगते. माणसांच्या वाड्यात घंटा वाजली की शेतकरी कुदळ टाकून हत्यार घेतात आणि शिपाई होतात, वेळ संपली की पुन्हा कुदळ. ऑर्क म्हणजे हिरवे धटिंगण. त्यांचे गडी संकट आलं की बिळात शिरून आतून भाले फेकतात. आणि अनडेड, म्हणजे मेलेले. त्यांचे घूल लाकडंही तोडतात आणि पडलेली मढीही खातात. ते आधी जमीन नासवतात आणि मगच तिच्यावर घरं बांधतात. आमच्या खाडीकडेही असं बांधकाम होतं, पण तो विषय वेगळा. सासूबाईंना मी फक्त झाडांचं सांगितलंय.

आणि हो, मेंढी! नकाशावर इकडेतिकडे मेंढ्या चरत असतात. त्यांच्याशी लढाईचा काडीचा संबंध नाही. पण एखाद्या मेंढीला उगाच बोट लावत राहिलं, लावत राहिलं, की ती फुटते. ठो! हे ऐकीव नाही. हे पाणी प्यायला उठले होते तेव्हा मी स्वतः करून पाहिलंय. सासूबाईंनी आतून विचारलं, कसला आवाज? मी म्हटलं, कुकर.

आता मुख्य भानगड. ह्यांना वाटतं, मला गोष्टीत रस नाही. अहो, गोष्टीशिवाय मी दोन शनिवार मेथी निवडली असती का? ह्यांच्या जमातीतली टिरांडे म्हणून एक बाई आहे. पुजारीण, आणि घोड्याएवढ्या वाघावर बसून फिरते. दोन जुळे भाऊ, मॅलफ्युरियन आणि इलिडन, आणि दोघांचाही जीव हिच्यावर. हिने मॅलफ्युरियनला निवडलं. इलिडनने भलत्या विद्येच्या नादी लागून काय काय उद्योग केले, तर सख्ख्या भावाने त्याला तुरुंगात टाकलं. किती वर्षं? दहा हजार! तरीही बाईला राहवलं नाही. राक्षसांची स्वारी आली तसं मॅलफ्युरियनला न जुमानता, पहारेकऱ्यांना मारून हिने इलिडनला बाहेर काढलं. आणि तो बाहेर येऊन स्वतःच राक्षस झाला. मग भावाने त्याला हाकलूनच दिलं. आपल्या मालिकावाल्यांनी एवढ्यात सहाशे भाग काढले असते, इथे दोन लढायांमध्ये उरकलंय. माणसांकडचा राजपुत्र आर्थस तर त्याच्याही वरचा. प्रजेला वाचवायला निघाला, शापित तलवार हातात आली, आणि वाजतगाजत, फुलांच्या पाकळ्यांतून घरी परत येऊन सिंहासनावर बसलेल्या बापालाच भोसकलं. औक्षणाचं ताट कुठे होतं तेव्हा, मला सांगा.

बरं, हे खूळ आमच्याच घरात असतं तर झाकून ठेवलं असतं. पण ते जगभर पसरलंय आणि तिकडे तर लोकांनी लाजच सोडलीय. कोरियात ह्या लढाया टीव्हीवर लागायच्या, समालोचनासकट. तिथला जांग जे-हो, टोपणनाव मून, तो आमच्या ह्यांच्याच जमातीचा. खेळात जमाती चार, पण हा इतका वेडावाकडा आणि इतका भारी खेळायचा की लोक त्यालाच पाचवी जमात म्हणायला लागले. २००५मध्ये तिथल्या एका टीव्हीवरच्या लीगमध्ये नकाशातच गुपचूप फेरफार करून कुणाचं बळ वाढवलं, कुणाचं कमी केलं, असं उघड झालं आणि मोठा बोभाटा झाला. म्हणजे शेजारणीच्या पातेल्यात गुपचूप मीठ घालायचं आणि वर पाककृती स्पर्धेत गुण द्यायचे, तशातली गत.

चीनचा ली शाओफेंग, त्याला स्काय म्हणतात, तो माणसांकडून लढायचा. वर्ल्ड सायबर गेम्स त्याने २००५ला सिंगापूरला जिंकली, २००६ला इटलीतल्या मॉन्झाला पुन्हा जिंकली. आणि २००८च्या बीजिंग ऑलिंपिकची मशाल घेऊन धावणाऱ्यांत तो होता. ऑलिंपिकची मशाल! हे मी ह्यांना सांगायला नको होतं. तेव्हापासून मान दुखते म्हटलं की "खेळाडूंना होतं" असं उत्तर येतं. तसले पट्टीचे खेळाडू मिनिटाला दोनशे-तीनशे वेळा बोटं चालवतात. आमचे हे जोरात असले की सत्तर, त्यातले दहा कपाळाला बाम लावायला.

पण ब्लिझार्डच्या घरातलं लफडं ऐकलंत तर हे सगळं विसराल. खेळाबरोबर त्यांनी नकाशे बनवायचं एक हत्यारही फुकट दिलं होतं. तुमचा खेळ तुम्ही रचा, म्हणे. पोरांनी रचला. अख्खं सैन्य काढून टाकून प्रत्येकाला एकच वीर द्यायचा, पाचजणांविरुद्ध पाच, असा डोटा नावाचा प्रकार हौशी लोकांनी ह्याच घरात, ह्यांच्याच भांड्यांत शिजवला. हा हा म्हणता तो मूळ खेळाहून मोठा झाला. आपल्याकडच्या सायबर कॅफेत आणि हॉस्टेलांत कितीतरी पोरांना वॉरक्राफ्ट म्हणजे डोटाच माहीत. आणि मग तो पदार्थ रांधणारा आइसफ्रॉग शेजारच्या वॉल्व कंपनीने आपल्या घरी नेला. नावावरून दोघांत जुंपली, २०१२मध्ये तडजोड झाली, २०१३मध्ये वॉल्वने डोटा टू बाजारात आणला. २०२१च्या त्यांच्या मुख्य स्पर्धेत बक्षिसं होती चार कोटी डॉलरची. ओटा ब्लिझार्डचा, गॅस ब्लिझार्डचा, आणि गल्ल्यावर बसलंय कोण?

त्याचा राग किती दिवस मनात ठेवावा? जानेवारी २०२०मध्ये ब्लिझार्डने जुनाच खेळ नव्या शालूत आणला, रीफोर्ज्ड नावाने. नियमांत लिहून टाकलं, यापुढे इथे जो कुणी जे काही रचेल ते आमचं. आणि शालू तरी कसा? दाखवताना भरजरी दाखवला, हातात आला तेव्हा जर गायब. आधी दाखवलेले कितीतरी नवे प्रसंग आलेच नाहीत. वर ज्यांनी नवा घेतला नाही त्यांचाही जुना खेळ बिघडून बसला. लोक इतके खवळले की ब्लिझार्डला मागेल त्याला पैसे परत द्यावे लागले. आमच्या ह्यांनी तेव्हा दोन दिवस दाढी केली नव्हती. मला सांगितलं होतं, मार्चअखेरचं टेन्शन आहे. जानेवारीत!

असो. आता जे सांगते ते खरंच कुणाला सांगू नका.

ह्या खेळात नकाशावर काळोख असतो. आपली माणसं जिथे उभी तेवढंच दिसतं. समोरच्याच्या घरात काय शिजतंय ते दिसत नाही. म्हणून प्रत्येकजण एखादा गडी शत्रूच्या दारात पाठवतो. त्याने नुसती एक चक्कर मारायची, काय बांधलंय, किती माणसं आहेत ते बघायचं आणि मार खायच्या आत परत यायचं. ह्याला हे "स्काउटिंग" म्हणतात आणि त्याबद्दल अभिमानाने बोलतात. आम्ही दूध आणायला जाता जाता हेच करतो तेव्हा त्याला चहाड्या म्हणतात.

गेल्या शनिवारी ह्यांचा न्यू जर्सीशी सामना होता. हे संध्याकाळपासून खुशीत. मी पोळ्या लाटत होते तेव्हा सांगून टाकलं, "आज विस्प थेट त्याच्या वाड्याशी नेणार, आणि त्याच्या अंगणातच झाडं उभी करणार. त्याला कळेपर्यंत झाडं ठोसे मारायला लागलेली असतील." मी हूं म्हटलं.

अकराच्या सुमाराला न्यू जर्सीच्या वहिनींचा फोन आला. त्यांना कोथिंबीरवडीत बेसन किती घालायचं ते हवं होतं. बोलता बोलता विषय निघाला. त्यांच्याकडेही तेच, गवार करपते पण हे उठत नाहीत. मी सहज म्हटलं, "आमचे तर आज तुमच्या अंगणात झाडं लावणार आहेत." वहिनी हसल्या. वडीचं प्रमाण लिहून घेतलं, फोन ठेवला. बस, एवढंच.

साडेअकराला सामना सुरू झाला. ह्यांचे दिवे अंधारातून, कडेकडेने, चोरपावलांनी गेले. पहिल्या झाडाला कोंब फुटतो न फुटतो तोच न्यू जर्सीत घंटा वाजली आणि सगळे शेतकरी हत्यारं घेऊन नेमके त्याच कोपऱ्यात धावले. झाडही गेलं, दिवेही गेले. पाच-सहा मिनिटांत सगळं आटोपलं.

हे हेडफोन काढून बराच वेळ पडद्याकडे बघत बसले होते.

"ह्याला कळलं कसं?" म्हणाले. "ह्याचा एकही गडी माझ्या बाजूला आला नव्हता."

मी म्हटलं, "झोपा आता. उद्या गवार आणायचीय."