धूर निघत नाही, सबब चौकशी

न्यूयॉर्क शहरात 8 जानेवारी 1902 रोजी पार्क अव्हेन्यूखालच्या बोगद्यात धुराने व वाफेने सिग्नल दिसेनासा होऊन एक आगगाडी दुसरीवर आदळली, किमान 15 उतारू प्राणास मुकले, आणि पुढच्याच वर्षी तेथील विधिमंडळाने 1908 च्या जुलैपासून त्या मार्गावर वाफेच्या इंजिनास मज्जाव करणारा कायदा मंजूर केला. आमच्या मुंबई सरकारनेही 1912 साली धुराच्या उपद्रवासंबंधी स्वतंत्र कायदा करून या बाबतीत आपण मागे नसल्याचे दप्तरी नमूद केले. येणेप्रमाणे धुरास हद्दपारीची शिक्षा फर्मावून झाल्यावर, त्याच न्यूयॉर्कात 1900 साली स्थापन झालेल्या लायनेल कंपनीने 1946 साली धूर सोडणारे खेळण्यातले इंजिन विक्रीस काढले. आणि बोगद्यात जो आरोपी ठरला होता तो दिवाणखान्यात, रोख रक्कम मोजून, सन्मानाने आणला गेला.

पहिल्या वर्षीची तजवीज मोठी नामी होती. विजेच्या दिव्याच्या डोक्यावर एक खळगा, त्या खळग्यात अमोनियम नायट्रेटची गोळी, आणि दिवा तापला की धूर! जे द्रव्य शेतात खत म्हणून पडते आणि खाणीत स्फोटकात मिसळते, तेच येथे बालकांच्या मनोरंजनार्थ रुजू झाले. त्याच्या धुराने इंजिनाचे अंतर्याम गंजू लागल्यावर 1947 मध्ये तापणारी तार व निराळी गोळी आली. चाकांच्या फेऱ्याबरोबर हलणारा दट्ट्या धुराचे झोत वर ढकलू लागला. आताच्या इंजिनात तेलाची डबी, तंतूंची वात, तीत दडलेला प्रतिरोधक आणि चिमुकला पंखा असा चार इसमांचा कारभार असतो, व चौघांपैकी एकाने कसूर केली तरी धुराडे मौन धरते.

न्यू जर्सीस स्थायिक झालेल्या आमच्या एका स्नेह्यांच्या तळघरात असे मौन पडले, तेव्हा त्यांनी जी चौकशी आरंभिली तिच्यापुढे आमच्याकडील आयोग अगदीच घाईघाईने आटोपल्यासारखे वाटावेत. इंजिनाच्या पोटाखाली एक इवलेसे बटण असते आणि ते बंद असल्यास धूर येत नाही, ही बाब इतकी क्षुद्र आहे की ती तपासणे कोणाही तज्ज्ञास अपमानास्पद वाटते; म्हणून शहाणा मनुष्य आसपास कोणी नाही असे पाहून ते हळूच चाचपून घेतो. बटण निर्दोष सुटले. मग तेलाची पाळी. धूर येत नाही म्हणून तेल घालावे, तरीही येत नाही म्हणून आणखी घालावे, ही रीत ज्यांनी बुडत्या खात्यांची अनुदाने वाढत गेलेली पाहिली आहेत त्यांस नवी नाही. परिणाम असा की डबी तुडुंब भरते, प्रतिरोधकास तापण्यास जागा उरत नाही, आणि धुराड्यातून धुराऐवजी गुळगुळ आवाज येऊ लागतो. त्यावर उपाय म्हणजे इंजिन उपडे करून जादा तेल टिपकागदावर उतरविणे. स्नेह्यांनी मात्र धुराड्यास तोंड लावून जोरकस फुंकर मारली आणि ते तेल स्वतःच्या चष्म्यावर जमा करून घेतले.

झाकण उघडल्यावर खरा पंचनामा झाला. वातीचा कडेचा भाग पांढरा स्वच्छ, परंतु प्रतिरोधकास टेकलेला भाग करपून कडक झालेला. रॉकेल संपल्यावरही पेटत ठेवलेल्या स्टोव्हची वात जशी तोंडाशी जळून निकामी होते, तशीच ही. इंजिन कोरडे असताना बटण चालू ठेवल्याचा तो लेखी पुरावाच होय. असली वात कितीही पाजली तरी शोषीत नाही. ती बडतर्फ करून नवी नेमावी लागते. नंतर प्रतिरोधकाची जबानी मल्टिमीटरने घेतली. घाटाघाटाप्रमाणे तो 8 ओहम दाखवितो, 16 दाखवितो, 27 दाखवितो. परंतु येथे काट्याने अनंत दाखविले. अनंतत्व हे परब्रह्माचे लक्षण असले तरी प्रतिरोधकाच्या ठायी ते मरणाचे लक्षण आहे. तार आतून तुटली होती.

नवी वात, नवा प्रतिरोधक, डाकाचे चार ठिपके, आणि मोजून टाकलेले थोडे थेंब एवढ्या सरंजामानिशी धूर पूर्ववत सुरू झाला. तेलही साधे नव्हे, कॉफीच्या वासाचे. खऱ्या इंजिनाजवळ उभे राहून कॉफीचा वास कोणास आला असेल तर त्याने अवश्य कळवावे.

आता एकच प्रकरण शिल्लक आहे. या घराच्या छतास धूर हुंगणारे यंत्र बसविलेले असून ते मिरचीच्या फोडणीलाही केकाटते. त्याच कारणास्तव स्नेह्यांच्या मातोश्रींनी देवापुढे उदबत्ती लावू नये, असा ठराव त्या येथे आल्या त्याच आठवड्यात झाला. यंत्राची तळघरातील शाखा मात्र इंजिनाच्या सोयीसाठी उतरवून कपाटात ठेवण्यात आली आहे. मातोश्रींनी यावर तोंडी अर्ज गुजारला, की देवही हवे तर तळघरात नेते, परंतु जी सवलत इंजिनास दिली आहे तीच देवास मिळावी. चिरंजीवांनी तो अर्ज सहानुभूतिपूर्वक विचारासाठी ठेवून घेतला, सुनबाईंनी त्यावर अभिप्राय देण्यास मुदत मागितली, आणि गाडी तूर्त रोज संध्याकाळी धूर सोडीत वेळेवर सुटते.